परदेशी साइटवर अकाउंट उघडायचंय: डेबिट कार्ड बरं की एफडीवरचं क्रेडिट कार्ड?

आधीच सांगतो, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय वगैरेसाठी विचारत असाल तर हे वाचायची गरज नाही, तिथे युपीआय चालतं. चॅटजीपीटीने ऑगस्ट २०२५ मध्ये गो प्लॅन आणला तेव्हा त्यांनीपण युपीआय घेतलं. मी बोलतोय ते सर्व्हर भाड्याने देणाऱ्या, डोमेन म्हणजे वेबसाइटची नावं विकणाऱ्या परदेशी साइटींबद्दल. तिथे कार्ड टाकल्याशिवाय अकाउंटच उघडत नाही, आणि टाकलं की लाल अक्षरात येतं की हे कार्ड स्वीकारता येत नाही, दुसरं वापरा. दुसरं कुठून आणायचं ते मात्र कोण सांगत नाही.

मी घरून वेबसाइटची कामं करतो. पगाराची स्लिप नाही, म्हणून साध्या क्रेडिट कार्डाचा अर्ज दोनदा परत आला. पाकिटात होती तीन कार्डं: सहकारी बँकेचं रुपे डेबिट, एका वॉलेटचं व्हर्च्युअल प्रीपेड आणि खाजगी बँकेचं व्हिसा डेबिट.

पहिली दोन लगेच बाद झाली. प्रीपेडचं कारण असं की कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरूनच साइटला कळतं की बँक कुठली, देश कुठला आणि कार्ड डेबिट, क्रेडिट की प्रीपेड. प्रीपेड दिसलं की बऱ्याच ठिकाणी दार बंद, कारण लोक फुकटची ट्रायल घ्यायला दहा कार्डं काढतात, सर्व्हरवर नको ते उद्योग करतात आणि बिल आलं की कार्ड रिकामं. त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा. रुपेचं म्हणाल तर बाहेर ते डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबीच्या नेटवर्कवर चालतं, पण त्यासाठी कार्ड इंटरनॅशनल लागतं आणि माझं साधं होतं.

राहिलं व्हिसा डेबिट. त्याच्या बाजूने बोलायचं तर ते सगळ्यांकडे असतं, बिल भरायची कटकट नाही, खात्यात आहे तेवढंच जाणार. आणि कार्ड चालत नाही म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं कार्ड मुळात बंदच असतं असा माझा अंदाज आहे. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू येतं, ऑनलाइन आणि इंटरनॅशनल वापर आपल्याला अॅपमधून चालू करावा लागतो. माझ्या अॅपमध्ये त्याची लिमिट वेगळी होती आणि ती शून्यावर होती, हे मला दोन दिवसांनी सापडलं.

ते सगळं करून बसलो आणि मग खरा घोळ झाला. साइटने कार्ड तपासायला पाच डॉलर अडकवले. मोबाइलवर बँकेचा मेसेज, ४३२ रुपये वजा. स्क्रीनवर मात्र तेच लाल अक्षर. मला वाटलं नेटचा प्रॉब्लेम, परत केलं, परत ४३२. तिसऱ्यांदा पिनकोड नीट बघून टाकला, परत ४३२. बँकेला फोन लावला तर ‘सर, आमच्याकडून सक्सेस दाखवतंय, मर्चंटला विचारा’, आणि साइटला मेल केला तर उत्तर, तुमच्या बँकेशी संपर्क साधा. आता कळतं की दोघं आपापल्या जागी खरंच बोलत होते. बँक पैसे राखून ठेवते, त्यानंतरही साइटची स्वतःची तपासणी असते आणि तिथे ते नकार देऊ शकतात. काही साइटी बिलाचा पत्ता बँकेकडून जुळवून बघतात, ती सोय मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या बँकांकडे आहे, आपल्याकडच्या कार्डाला बहुतेक वेळा तिथून उत्तरच जात नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं का, हे कोणी मला लिहून दिलेलं नाही.

पण मुद्दा तो नाही. खात्यात होते ४,९०० रुपये आणि ५ तारखेला गाडीचा हप्ता ३,८४०. अडकलेले १,२९६ सुटायला नऊ दिवस लागले, मधे ५ तारीख येऊन गेली आणि हप्ता बाउन्स. दंड ५९० रुपये, म्हणजे ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. ज्या सर्व्हरसाठी हे सगळं केलं त्याचं महिन्याचं भाडं त्याहून कमी होतं! अडकलेले पैसे पूर्ण परत आले, ५९० गेले ते गेलेच.

त्याच आठवड्यात २०,००० ची एफडी केली आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. उत्पन्नाचा पुरावा मागितला नाही, लिमिट एफडीपेक्षा थोडी कमी मिळाली, व्याज एफडीवर चालूच राहतं, फक्त कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. साइटला आकड्यांवरून एवढंच दिसतं की हे क्रेडिट आहे, मागे एफडी ठेवलीय की पगार याच्याशी त्यांना घेणं-देणं नाही. आत्तापर्यंत चार साइटींवर टाकलं, तीन ठिकाणी पहिल्या फटक्यात गेलं. चौथीने नाकारलं आणि पैसेही अडकवले, पण ते लिमिटमधून. खात्याला धक्का नाही, हप्ता वेळेवर गेला. खरं सांगायचं तर माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

आता ज्यांच्या खात्यात नेहमी वीस-पंचवीस हजार पडून असतात त्यांना ही अडचण जाणवणारच नाही, त्यांनी डेबिटनेच सुरुवात करावी, फुकटात होतंय तर कशाला एफडी अडकवा. आणि ज्यांना बिलाची तारीख लक्षात राहत नाही त्यांनी तर क्रेडिटच्या वाटेलाच जाऊ नये, थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि शेवटी बँक एफडीतून वसूल करते. डॉलरच्या व्यवहारावरचा मार्कअप, म्हणजे बँक वरून लावते ते शुल्क, माझ्या दोन्ही कार्डांना सारखाच आहे. दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर ऑक्टोबर २०२१ पासून ई-मँडेट, म्हणजे बँकेत आधी नोंदवलेली परवानगी, लागतं, ते नसलेल्या साइटींवर दोन्ही कार्डं सारखीच रुसतात, म्हणून जिथे आगाऊ पैसे भरता येतात तिथे मी तेच करतो.

कुठलंही कार्ड असो, नाकारलं की लगेच दुसरं, तिसरं असं टाकत बसू नका. मी त्या नादात मावसभावाचं कार्ड टाकून बघितलं, नाव जुळेना म्हणून अकाउंटच लॉक झालं आणि पासपोर्टचा फोटो मागायला लागले.

एफडीवालं कार्ड घ्यायला गेलात तर काउंटरवर नेटवर्क आधी विचारा. ६ सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या बँकांनी ग्राहकाला नेटवर्क निवडायला द्यायला हवं, तरी माझ्यासमोर रुपेचाच फॉर्म आधी सरकवला होता, वर ‘युपीआयला पण चालतं की’. ते खरंही आहे, किराणा दुकानात स्कॅन करायला रुपे क्रेडिट मस्तच. पण या कामासाठी व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या आणि घरी आल्यावर त्याचंही इंटरनॅशनलचं बटण चालू करा. माझ्या नव्या कार्डावरही ते बंदच होतं.