प्रागमधल्या पाच नोटा

पुढच्या महिन्यात माझी नणंद मैत्रिणींबरोबर चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीला, प्रागला निघाली आहे, म्हणून तिथे पैसे बदलताना आम्ही कसे फसलो ते सविस्तर लिहिते आहे. इतकी वर्षं आमच्या घरात हा विषय कोणी काढत नव्हतं.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही सहाजण व्हिएन्नाहून रेल्वेने प्रागला गेलो. आम्ही दोघं, सासूबाई, आमची मुलगी, आणि ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र व त्यांची बायको. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. हे आम्हाला माहीत होतं. पण हॉटेल, ट्राम, जेवण सगळं कार्डावर भागत होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी रोख घेतलीच नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहराच्या चौकात गेलो. तिथे १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला त्यावरचा सांगाड्याचा पुतळा घंटा वाजवतो आणि वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती पुढे सरकतात. ते बघायला बऱ्याच आधीपासून माणसं मान वर करून उभी असतात. अकराला दहा मिनिटं कमी होती आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, बाथरूमला जायचं होतं. जवळच्या स्वच्छतागृहातल्या बाईने युरो घेतले नाहीत, तिला कोरुनाची नाणी हवी होती.

सगळ्यांनी वर्गणी काढून एक पाकीट केलं होतं, त्यात २०० युरो होते. पंचाहत्तरीच्या आईंनीही पेन्शनीतून साठवलेले ५० युरो हट्टाने घातले होते. हे आणि त्यांचे मित्र गल्लीतल्या चलन बदलून देणाऱ्या दुकानापाशी गेले. फळ्यावर युरोला २१ कोरुनाचा भाव होता. खरा भाव तेव्हा २५ च्या पुढे होता. दाराशी उभा असलेला चाळिशीतला, नीटनेटक्या कपड्यांतला माणूस म्हणाला, आत जाऊ नका, हे लोक लुटतात, मला युरो हवेच आहेत, २५ ने देतो. भाव खरा होता म्हणूनच तो माणूस खरा वाटला. त्याने एक-एक हजाराच्या पाच नोटा समोर मोजल्या, यांच्या हातात दिल्या आणि गर्दीत मिसळला. मीही चार पावलांवर उभी होते. मोजलेल्या नोटा पाहिल्या, आकडे पाहिले. नोट कुठल्या देशाची आहे हे आम्ही कोणीच पाहिलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने पाहिलं असेल.

सुट्टे घ्यायला मुलगी शेजारच्या दुकानात गेली. दुकानदाराने नोट हातात घेतली आणि लगेच परत दिली. ती बेलारूसची होती, तीही बाद झालेली. त्या देशाने २०१६ मध्ये चलनातली शून्यं काढली तेव्हा जुने १०,००० रुबल म्हणजे नवा १ रुबल झाला. म्हणजे आमचे पाच हजार मिळून अर्धा रुबल. आईंचं बाथरूमचं तसंच राहिलं होतं. शेवटी त्याच दुकानदाराने गल्ल्यातून नाणी काढून दिली. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

पोलीस चौकीत तक्रार लिहून घेतली. अधिकाऱ्याला नवल वाटलं नाही. रस्त्यावर असं चलन बदलणं मुळात बेकायदा आहे, पैसे मिळायची शक्यता कमी, असं त्याने सरळ सांगितलं. त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त लागली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून तिथे नवा नियम आला होता. परवाना असलेल्या दुकानात १,००० युरोपर्यंतचे पैसे बदलले आणि भाव वाईट निघाला, तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. म्हणजे त्या २१ च्या फळ्याखाली गेलो असतो, तरी पैसे परत मिळाले असते.

आता नणंदेला जे सांगितलं ते सगळ्यांसाठी. चेक नोटेवर माणसाचा चेहरा असतो, हजाराच्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की. आमच्या हातातल्या नोटांवर इमारत होती आणि अक्षरं रशियनसारखी. कधी हंगेरीचे फोरिंटही देतात. त्यांवरही हजार, दोन हजार असेच आकडे असतात, पण किंमत कोरुनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. रोख हवीच असेल तर बँकेच्या एटीएममधून थोडी काढा. रक्कम रुपयांत वळवू का, असं मशीनने विचारलं तर नाही म्हणा, कोरुनातच राहू द्या. थोडी नाणी पहिल्याच दिवशी घ्या. बरोबर वयस्कर माणसं असतील तर स्टेशनवर उतरल्याबरोबर.

आई त्या दिवशी कोणाला काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चार्ल्स पुलावर सगळे फोटो काढत होते, तेव्हा त्यांनी यांना हळूच विचारलं, ‘माझ्या बाथरूमपायी झालं ना रे हे?’ हे नाही नाही म्हणत राहिले. त्यांना ते पटलं नाही. पुढच्या सगळ्या प्रवासात, विमानातसुद्धा, त्या पाणी बेताने पीत होत्या.