स्लीपमधून न उठणारा मॉनिटर आणि साडेसात हजारांचं ‘नवं’ कार्ड

कॉम्प्युटर स्लीपमधून उठवला की एक मॉनिटर लागतो, दुसरा काळाच राहतो, आणि दुकानदार म्हणतो ‘ग्राफिक्स कार्ड उडालंय’. असं कोणी सांगितलं तर ते कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा कॉम्प्युटरमधला भाग, त्याच्या हातात देऊन घरी येऊ नका. माझं धडधाकट कार्ड अशा पद्धतीने लंपास झालं, वर साडेसात हजार रुपयेही गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण हा प्रकार इंदूरपुरता असेल असं मला वाटत नाही.

मी सुदामानगरला घरूनच लग्नाच्या फिल्म एडिट करते. दोन मॉनिटर आणि गिऱ्हाइकाला दाखवायला भिंतीवर टीव्ही, अशी तीन पडद्यांची मांडणी. कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स 1650, 2021 च्या चिपटंचाईत चढ्या भावाने घेतलेलं. त्यातला एक मॉनिटर जुना झाला म्हणून नवा आणला, तो डिस्प्लेपोर्टच्या (कार्डातून मॉनिटरकडे चित्र नेणारी एक प्रकारची जोडणी) केबलने जोडला, आणि तेव्हापासून तमाशा सुरू झाला. जेवून परत यावं, माउस हलवावा, तर नवा मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणून परत झोपी जाणार. त्याच्यावरच्या सगळ्या विंडो जुन्या मॉनिटरवर गर्दी करून बसलेल्या, टाइमलाइन चुरमडलेली, डेस्कटॉपवरचे आयकॉन विस्कटलेले. केबल काढून पुन्हा खोचली की सगळं सुरळीत.

शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. केबल काढून खोचल्यावर चित्र परत येत असेल तर कार्ड मेलेलं नसतं. मरायला टेकलेलं कार्ड काम चालू असताना रंग दाखवतं: रेंडर (एडिट केलेल्या फिल्मची अंतिम फाइल बनवणं) लावला की पडद्यावर चौकडे, रेघा, मशीन बंद. माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.

दुकानदार आपल्यातलाच. गणेशोत्सवात मंडळाचा प्रोजेक्टर लावायला येतो, सगळ्यांना ताई-काका करतो. त्याने सीपीयू दुकानात ठेवून घेतला. संध्याकाळी फोन: “ताई, कार्ड गेलंय. चिपच्या खालचं सोल्डर सुटलंय. रीबॉलिंग करून, म्हणजे ते सोल्डर नव्याने बसवून, देईन, पण गॅरंटी नाही. त्यापेक्षा एनव्हिडियाचंच 1050 टीआय कार्ड टाका, चार जीबी मेमरी, आठ हजार. जुन्याचे स्क्रॅपमध्ये पाचशे वजा करतो.” लग्नसराई तोंडावर होती. मी साडेसात हजार यूपीआयने पाठवले. पावती म्हणून एका चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, जीएसटी नंबर वगैरे काही नाही.

आता यातली खरी चलाखी ऐका. मशीन घरी आलं आणि तक्रार खरंच मिटली! झोपवलं, उठवलं, दोन्ही मॉनिटर लगेच हजर. मी त्याला धन्यवादाचा मेसेजसुद्धा केला. झालं होतं असं, की त्याच्या कार्डाला डिस्प्लेपोर्टच नव्हता. मॉनिटर जोडायला एक व्हीजीए, एक डीव्हीआय, एक एचडीएमआय, एवढीच तोंडं. त्यामुळे नवा मॉनिटर एचडीएमआयवर गेला आणि दुखण्याचं मूळ आपोआप बाजूला पडलं.

ते मूळ काय, हे मला पुढे भाच्याने समजावलं. तो इथल्याच एस.जी.एस.आय.टी.एस. या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. मॉनिटर जागेवर आहे की नाही हे कार्डाला एका वेगळ्या तारेवरून कळतं. डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर गाढ झोपेत गेले की हा इशाराही बंद करतात. विंडोजला वाटतं, मॉनिटर कोणीतरी उपटून नेला. मग त्याच्यावरचा पसारा उरलेल्या पडद्यावर ढकलला जातो. उठताना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पडदे मोजायला घेतो तेव्हा जो मॉनिटर उशिरा ओ देतो तो हजेरीतून गळतो. एचडीएमआयवर बहुतेक मॉनिटर झोपेतही आपली ओळख सांगत राहतात, म्हणून तिथे हे कमी दिसतं. उपाय फुकटचा: मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी मेनू उघडायचा आणि डीप स्लीप बंद करायचं. विंडोज 11 असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे जाऊन विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघायचं. अधूनमधून पडदा अडला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबायची. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडं काम बंद होत नाही. एवढ्यासाठी कार्ड बदलायचं!

पण हे सगळं नंतरचं. आधी दुसरंच रडगाणं सुरू झालं. टीव्ही काही केल्या तिसरा पडदा म्हणून लागेना. दुकानदाराला विचारलं तर म्हणे टीव्हीची केबल खराब, स्प्लिटर घ्या. स्प्लिटर एकाच पडद्याची नक्कल दुसऱ्यावर दाखवतो, तिसरा वेगळा पडदा देत नाही, हे कॉम्प्युटरच्या दुकानात बसणाऱ्याला ठाऊक नसावं? एक्सपोर्टमधला हार्डवेअर एन्कोडिंगचा (कार्डाच्या मदतीने व्हिडिओ भराभर तयार करण्याचा) पर्याय करडा होऊन बसला. चहा होईपर्यंत निघणारा फिल्मचा तुकडा रात्रभर घुटमळू लागला. फोर-के फुटेज टाकलं की पडदा काळा. आणि त्याची एक सूचना सारखी: “ताई, ड्रायव्हर अपडेट नका करू हं, मी टाकलाय तोच राहू द्या.” ड्रायव्हर त्याने पेनड्राइव्हवरून टाकला होता.

भाच्याने आल्या आल्या कार्डाची मागची बाजू बघितली आणि हसायला लागला. “आत्या, 1050 टीआयला व्हीजीए?” 1050 टीआय 2016 मध्ये आलं आणि त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएचं जुनं अ‍ॅनालॉग आउटपुट काढूनच टाकलेलं आहे. म्हणजे 1050 टीआयच्या नावाने विकलेल्या कार्डावर निळं व्हीजीए तोंड दिसलं की पुढे काही तपासायची गरज नाही. तरीही त्याने जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं. 2018 पासून ते अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतं आणि नावाच्या आधी चौकोनी कंसात ‘फेक’ असं छापतं. माझ्याही पडद्यावर ते आलं. आतली चिप निघाली जीएफ 116, म्हणजे 2011 च्या जीटीएक्स 550 टीआयच्या काळातली. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, नाव आणि मेमरीचा आकडा बदलून विकतात. चार जीबी म्हणून सांगायचं, असते साधारण एक जीबी. ती भरली की पडदा काळा.

मग सगळ्या गोष्टींची संगती लागली. त्या पिढीची चिप एका वेळी दोनच पडदे चालवते, म्हणून टीव्ही कधीच लागणार नव्हता. व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग एनव्हिडियाच्या चिपमध्ये त्यापुढच्या पिढीपासून, 2012 मध्ये आला. आणि त्या चिपसाठी नवे ड्रायव्हर 2018 मध्येच बंद झाले. अधिकृत साइटवरून 1050 टीआयचा ड्रायव्हर चढवायला गेलं की इन्स्टॉलर सरळ सांगतो, जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही. अपडेट करू नका या काळजीमागे एवढंच होतं.

माझं मत विचाराल तर त्याला दुरुस्तीच्या पैशात रस नव्हता. त्याला माझं 1650 हवं होतं. ‘कार्ड गेलं’ म्हटलं की जुनं कार्ड कोणी परत मागत नाही, आणि मॉनिटरचा दोष केबल बदलल्याने मिटतो म्हणून गिऱ्हाईक खूशही होतं. कुठल्याही दुकानात मशीन ठेवताना आधी कार्डावरच्या स्टिकरचा, सीरियल नंबर दिसेल असा, फोटो काढून तो त्याच दुकानदाराला व्हॉट्सॲप करा. बदललेला जुना भाग सोबत घेऊन या, मेलेला असला तरी. नवं कार्ड पैसे देण्याआधी त्याच्यासमोर जीपीयू-झेडवर बघा. खरा धंदेवाला याला हरकत घेत नाही. जीएसटीचं बिल नसेल तर निदान काय विकलं ते लिहून घ्या.

माझ्या सुदैवाने 1650 चा खोका माळ्यावर होता, त्यावर सीरियल नंबर आणि आत बिल. व्हॉट्सॲपवर ‘1050 टीआय, चार जीबी’ हे त्याचेच शब्द आणि यूपीआयची नोंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

नोटीस पोचल्यावर त्याचा मेसेज आला. “ताई, घरातलंच प्रकरण आहे, साडेसात हजार परत घ्या आणि कागद मागे घ्या.” मी लिहिलं, पैसे दे आणि त्या सीरियल नंबरचं कार्डही दे. त्यावर त्याचं उत्तर: “ते कार्ड आता कुठून आणू, ते देवासच्या पार्टीला विकलं, चालूच होतं ते.” या उत्तराचा स्क्रीनशॉट मी अर्जाला जोडला आहे.