ईएलआरएस २.४ रिसीव्हर आरसी बग्गी आणि बोटीवर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस) ही रिमोट कंट्रोलची ओपन सोर्स रेडिओ यंत्रणा. तिच्या रेंजबद्दल जे काही बोललं जातं ते बहुतेक ड्रोनवाल्यांचं असतं: इतके किलोमीटर, तितके किलोमीटर. मुंबईत हवेत काही सोडायचं तर विमानतळाचे झोन आणि पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश आधी बघावे लागतात. त्यामुळे इथे बरेच जण गाड्या आणि बोटींवरच राहतात, आणि हा अनुभव त्यांच्यासाठी आहे. रिसीव्हर सहा चॅनेलचा, पीडब्ल्यूएम आउटपुटचा (म्हणजे सर्व्हो थेट जोडता येतात), दोन अँटेनांचा. एकास दहा स्केलची बग्गी आणि एक बोट यांच्यावर आलटून पालटून वापरलेला, पावसाळ्यासकट. कंपनीचं नाव देत नाही. आत सेमटेकची एसएक्स१२८० किंवा १२८१ चिप असली की रेंज ठरते ती अँटेना कुठे आणि किती उंचीवर उभा आहे यावर.

किलोमीटरचे आकडे खोटे नाहीत, पण ते हवेतले आहेत. २.४ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत एक किलोमीटरवर सुमारे १०० डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घट-वाढीचं माप) जातात. ट्रान्समीटरचे १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी). रिसीव्हरला मिळतात उणे ८०. २५० हर्ट्झ मोडमध्ये (सेकंदाला २५० पॅकेट) तो साधारण उणे १०८ पर्यंत ऐकतो, म्हणजे अजून २८ डीबी हातात. जमिनीवर मात्र सरळ येणारी लहर आणि ओल्या वाळूवरून किंवा पाण्यावरून परतलेली लहर एकमेकींना खातात. हवेत अंतर दुप्पट झालं तर ६ डीबी जातात, इथे १२ जातात. ट्रान्समीटर छातीच्या उंचीवर आणि बोटीवरचा अँटेना पाण्यापासून वीतभर असेल तर हा प्रकार दहा मीटरच्या आतच सुरू होतो.

याच गणिताची दुसरी बाजू फायद्याची आहे. अँटेनाची उंची दुप्पट केली की ६ डीबी परत मिळतात. ५ सेंटिमीटरवरचा अँटेना २० सेंटिमीटरवर नेला तर १२ डीबी, म्हणजे जमिनीवरची रेंज जवळपास दुप्पट. तेवढीच वाढ पॉवरने हवी असेल तर ती सोळापट करावी लागेल, २५ मिलिवॉटची ४००. १०० मिलिवॉटवरून २५० वर नेलं की ४ डीबी मिळतात आणि जेमतेम पाव रेंज वाढते. ट्रान्समीटर तापतो तो वेगळा. त्यापेक्षा पॅकेट रेट २५० वरून १५० हर्ट्झ करा. तेच ४ डीबी फुकट मिळतात आणि बग्गीच्या स्टिअरिंगमध्ये फरक जाणवत नाही. ५० हर्ट्झ क्रॉलरला (दगडांवरून हळू चढणाऱ्या गाडीला) चालतो, वेगाच्या गाडीला नको.

आता बसवण्याबद्दल, कारण खरी रेंज इथेच जाते. बारीक कोॲक्स केबलच्या टोकाला बाहेरची धातूची जाळी संपल्यावर जी साधारण ३१ मिलिमीटरची तार उघडी असते, तोच अँटेना. बाकीची केबल फक्त वाहतूक करते. ती वळवा, चिकटवा, काही बिघडत नाही. पण शेवटचे ३१ मिलिमीटर चॅसिसच्या कार्बन पट्टीला, बॅटरीला किंवा मोटरच्या वायरींना चिकटले की संपलं. बग्गीत एक अँटेना प्लास्टिकच्या नळीतून सरळ उभा, बॉडीच्या वर; दुसरा त्याच्याशी काटकोनात, मागच्या बंपरकडे आडवा. नळीच्या तोंडाशी गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) लावा. नाहीतर गाडी उलटली की केबल नेमकी जाळी संपते तिथेच मोडते, आणि बाहेरून काही दिसत नाही. बोटीत अँटेनाचं टोक डेकच्या वरच हवं. पाणरेषेखाली राहिलेला अँटेना असून नसल्यासारखा.

ट्रान्समीटरचा अँटेना मॉडेलकडे रोखून धरायची सवय अनेकांना असते. टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी जातो. तो उभा ठेवा. आणि रविवारी संध्याकाळी जुहूला गर्दीच्या पलीकडे गाडी नेऊ नका. माणसांची शरीरं २.४ चांगलंच अडवतात.

खाऱ्या हवेचा त्रास रिसीव्हरच्या बोर्डाला फारसा झाला नाही, तो आयपेक्स कनेक्टरला, म्हणजे अँटेनाची केबल बोर्डाला जोडणाऱ्या छोट्या जोडाला झाला. पावसाळ्यानंतर टेलिमेट्रीत (रिसीव्हरने ट्रान्समीटरला परत पाठवलेल्या माहितीत) १आरएसएस, म्हणजे पहिल्या अँटेनाच्या सिग्नलची ताकद, नेहमीसारखा आणि दुसऱ्याचा २आरएसएस त्याच अंतरावर वीसेक डीबीने खाली दिसू लागला. एलक्यू (किती टक्के पॅकेट पोचली) मात्र शंभरच, कारण चांगला अँटेना सगळं ओढून नेत होता. म्हणून नुसत्या एलक्यूवर जाऊ नका. दहा मीटरवर गाडी फिरवून दोन्ही आकडे बघा. आकडा एकाच बाजूने पडत असेल तर दिशेचा प्रश्न, सगळीकडून पडत असेल तर जोडाचा. ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसून पुन्हा बसवलं की बहुतेकदा काम होतं. पण हा कनेक्टर तीसेक वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनलेला असतो, रोज खेळण्याची वस्तू नाही. वरून थेंबभर न्यूट्रल सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

रेंज गेली म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच रेंजच्या नसतातच. चाक दगडात अडकलं, सर्व्होने जोर लावला, बीईसीचा (बॅटरीवरून रिसीव्हर-सर्व्होला वीज देणाऱ्या सर्किटचा) व्होल्टेज कोसळला आणि रिसीव्हर रीसेट झाला. ओळखायची खूण: पाच मीटरवर, सिग्नल उत्तम असताना, नेमकं स्टिअरिंग दाबल्यावर टेलिमेट्री तुटते. रिकाम्या चॅनेलच्या प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा लो-ईएसआर कॅपॅसिटर घाला, उलटा नको. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, सुटा मिळतो. सर्व्हो पंचवीस किलोचा असेल तर वेगळा बीईसीच घ्या.

दुसरा फसवा प्रकार: गाडी आधी चालू केली आणि ट्रान्समीटर मिनिटभर बंद राहिला, तर रिसीव्हर वायफाय मोडमध्ये जातो आणि मग जोडत नाही. दिवा भराभर लुकलुकतो. बॅटरी काढून पुन्हा लावा. तोच वायफाय फेलसेफ (सिग्नल गेल्यावर चॅनेल कुठे जावा ते) लावायला उपयोगी: फोन जोडा, ब्राउझरमध्ये १०.०.०.१ उघडा, थ्रॉटल १५०० मायक्रोसेकंदांवर, म्हणजे मध्यावर ठेवा. तिसऱ्या चॅनेलचा मूळ फेलसेफ ९८८ असतो. विमानाच्या मोटरला ते बरोबर, पण गाडीचा थ्रॉटल तिथे जोडलेला असेल तर सिग्नल जाताच पूर्ण रिव्हर्स. पाचवा चॅनेल फक्त चालू-बंद चालतो. तिथे दिवे लावा, दुसरा सर्व्हो नको.

रेंजच्या हव्यासापायी ९१५ मेगाहर्ट्झचा सेट मागवू नका. त्या बँडचा काही भाग आपल्याकडे मोबाइलचा आहे. विनापरवाना पट्टा ८६५ च्या आसपास आहे आणि फर्मवेअरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. बग्गी-बोटीला २.४ पुरतं. पवईसारख्या ठिकाणी बोट मधोमध बंद पडली तर आणायला जायची सोय नाही, तिथे मगरी आहेत. म्हणून आधी किनाऱ्यावर पॉवर सर्वांत खाली, १० मिलिवॉटवर आणून चाचणी घ्या.

सुटा अँटेना घेताना जुना सोबत न्या. आयपेक्स १ आणि आयपेक्स ४ दिसायला सारखे असतात, आणि जोर लावून दाबला की बोर्डावरचं सॉकेटच उखडून हातात येतं.