ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातला छोटा पीसी: पॉवर सप्लाय आणि कूलरचा अकरा महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत बांधला, आता जानेवारी चालू आहे. एक अख्खा उन्हाळा, पावसाळा आणि अर्धी थंडी बघून झाली म्हणून आता लिहितेय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर सगळं मस्त आहे असंच लिहिलं असतं, कारण फेब्रुवारीत ग्वाल्हेरात कुठलाही पीसी थंडच चालतो.

आधी थोडं सांगते की छोटाच का हवा होता. माझं काम इंटिरियर डिझाईनचं, दिवसभर ड्रॉइंग आणि रात्री रेंडर, म्हणजे ड्रॉइंगवरून खऱ्यासारखं चित्र बनवणं. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं दगडी, सासऱ्यांचं, आणि कामाला जागा म्हणजे बाहेरच्या खोलीत भिंतीतलं एक फडताळ, त्याची दारं काढून फळी टाकून टेबल केलंय. त्याच खोलीत संध्याकाळी बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, गाणं शिकायला मुलं येतात. त्यामुळे मशीन लहान पाहिजे, आवाज नको, आणि मेमध्ये बंद पडायला नको, एवढ्या तीन अटी होत्या.

मशीन असं आहे: प्रोसेसर राइझन ७ ७७००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, छोट्या मापाचा मिनी आयटीएक्स मदरबोर्ड, केस म्हणजे बाहेरचा डबा फ्रॅक्टल टेरा, साधारण साडेदहा लिटरची. हिच्या मधला कणा सरकवता येतो, म्हणजे कार्ड जाड असेल तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरला जागा कमी आणि कार्ड पातळ असेल तर जास्त, कूलरची उंची ४८ पासून ७७ मिलिमीटरपर्यंत. माझं कार्ड दोन स्लॉटचंच, म्हणजे पातळ, असल्यामुळे कूलरला भरपूर जागा मिळाली. कार्ड घेताना मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं, पण आता कुणी विचारलं तर हेच पहिलं सांगते, कारण छोट्या केसमध्ये प्रोसेसर आणि कार्ड आधी ठरवून उरलेल्या पैशात पॉवर सप्लाय आणि कूलर घ्यायचा ही आपली नेहमीची पद्धत चालत नाही. इथे पॉवर सप्लाय आणि कूलर आधी ठरवायचे आणि त्यांच्यात जेवढे वॉट झेपतील तेवढाच प्रोसेसर घ्यायचा.

आता पॉवर सप्लाय, म्हणजे घरची वीज पीसीच्या भागांना लागते तशी करून देणारा डबा. मोठ्या कॅबिनेटमधला एटीएक्स मापाचा असतो १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटरच्या आसपास, छोट्या केसमधला एसएफएक्स १२५ बाय १०० बाय ६३.५. थोडा लांब एसएफएक्स-एल असतो, तो १३० लांब, त्याच्यात १२० चा पंखा बसतो म्हणून आवाज कमी, पण वायर वळवायला जागा उरत नाही. आमच्या इथे दुकानात एसएफएक्स मागितला की "मॅडम, ये चलता नहीं इधर, मंगवाना पड़ेगा" हेच उत्तर. शेवटी एकाकडे ४५० वॉटचा एक मिळाला, नाव घेत नाही, स्वस्त होता आणि लगेच होता. हिशेब केला तर प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट, कार्ड ११५, बाकी बोर्ड रॅम एसएसडी पंखे मिळून ४० धरा, म्हणजे अडीचशेच्या आतच. मला वाटलं ४५० म्हणजे उरून पुरणार.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून तो बंद पडायला लागला. रेंडर चालू असताना एकदम काळा स्क्रीन, ना एरर ना काही, बटण दाबलं तरी हूं की चूं नाही, आणि वीस मिनिटांनी आपोआप ठीक. मी आधी कार्डवर संशय घेतला, ड्रायव्हर बदलले, रॅम काढून लावली, तीन रात्री गेल्या आणि एका क्लायंटला उशीर झाला तो वेगळाच. मग नवऱ्याने मल्टिमीटर लावला तेव्हा संध्याकाळी साडेसातला प्लगमध्ये १७८ व्होल्ट. सप्लायच्या स्टिकरवर लिहिलं होतं २०० ते २४० व्होल्ट, आणि ४५० वॉट हा आकडा २५ अंश तापमानाला.

या दोन ओळी मी घेताना वाचल्या असत्या तर एप्रिल वाचला असता. सप्लायला तेवढेच वॉट ओढायचे असतात, व्होल्टेज कमी झालं की तो करंट जास्त ओढतो आणि त्याचा आतला पुढचा भाग जास्त तापतो, त्यात खोली ३८ अंशांवर आणि केसच्या आतली हवा त्याहून गरम. मग आतलं तापमानाचं संरक्षण सप्लाय बंद करतं आणि थंड झाल्याशिवाय चालू होऊ देत नाही. बरं तरी, त्यात ते संरक्षण होतं!

तर आपल्याकडच्या लोकांनी बॉक्सवर दोनच गोष्टी बघा. एक, इनपुट १०० ते २४० आहे का, म्हणजे व्होल्टेज पडलं तरी चालेल, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. दोन, पूर्ण वॉट किती अंशांवर मिळतात, ४० की ५०. ८० प्लसचा गोल्ड प्लॅटिनम बिल्ला चांगला आहे पण तो फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो आणि ती चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते, तशी खोली आमच्याकडे दिवाळीनंतर मिळते. शिवाय आतल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचा, ठोकताळा असा की १० अंश जास्त तापले की आयुष्य साधारण निम्मं, म्हणून गरम गावात चांगला सप्लाय ही चैन नाही, मी तर म्हणेन प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या पण इथे पैसे कापू नका.

भाऊजी कामासाठी दिल्लीला जाणार होते, त्यांना सांगून तिथल्या नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून कॉर्सेअर एसएफ७५० मागवला. खरं तर मला ६०० चालला असता, पण त्या दिवशी ७५० च मिळाला. हा ५० अंशांवर पूर्ण वॉट देणारा आहे. मेपासून आत्तापर्यंत एकदाही बंद पडलेला नाही, नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतसुद्धा नाही, आणि तेव्हा बाहेर ४५ च्या वर होतं. कमी लोडला याचा पंखा फिरतच नाही. थंडीत ड्रॉइंग करताना दिवसच्या दिवस बंद असतो, मेमध्ये मात्र रेंडर लावल्यावर दहाएक मिनिटांत फिरायला लागायचा. मोठा सप्लाय घ्यायचा हाच एक फायदा, अडीचशे वॉट म्हणजे त्याच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा, त्यामुळे तो स्वतः कमी तापतो. पण तेवढ्यासाठी हजार वॉटचा घेणाऱ्यांना मी नकोच म्हणेन. आणि कृपया जुन्या सप्लायच्या वायर नव्याला लावू नका, सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कनेक्टर बसतो आणि एसएसडी जळते.

आता इन्व्हर्टर. लाईट गेली की पीसी रिस्टार्ट होतो अशी तक्रार खूप जण करतात. सप्लाय स्वतःच्या साठवणीवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, घरच्या इन्व्हर्टरला मागे एक स्विच असतो, तो यूपीएस मोडवर असेल तर तो तेवढ्या वेळात बॅटरीवर येतो, साध्या मोडवर असेल तर येत नाही. आमचा साध्या मोडवर होता, गेली कित्येक वर्षं, कुणी बघितलंच नव्हतं. स्विच फिरवला, काम झालं. फक्त यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरी घेतो, त्यामुळे मेमध्ये बॅटरीचं पाणी लवकर कमी झालं. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, जुन्या स्क्वेअर वेव्हवर चांगले सप्लाय कुरकुर करतात.

अर्थिंगचं तर आधी सांगायला हवं होतं. नवा सप्लाय लावल्यावर केसच्या ॲल्युमिनियमला हात लावला की झिणझिण्या, विशेषतः अनवाणी दगडी फरशीवर उभं असताना. मला वाटलं सप्लाय खराब. तो अगदी बरोबर होता. सप्लायच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले असतात, अर्थच नसेल तर बॉडीवर साधारण अर्धं व्होल्टेज येऊन बसतं, मीटरवर ११० च्या आसपास दिसलं. करंट अगदी थोडा असतो पण घरात लहान मूल असेल तर असं ठेवू नका. आमच्या जुन्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनने अर्थची वायर ओढली, आता मीटर दोन व्होल्ट दाखवतो.

कूलरकडे येते. ग्वाल्हेरात कूलर म्हटलं की खसच्या पट्ट्यांचा पाण्याचा कूलर, म्हणून घरी "कूलर बदलला" सांगितलं तेव्हा बाबा बाहेर खिडकीत बघून आले. प्रोसेसरवर मी आधी चाळीस मिलिमीटरच्या आतला लो प्रोफाइल, म्हणजे बुटका, कूलर लावला होता, म्हटलं ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, पुरेल. पण डब्यावर ६५ लिहिलेला हा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ पर्यंत ओढतो. मार्चमध्येच रेंडरला ९५ अंश गाठायला लागला, ती त्याची मर्यादाच आहे, तिथे गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. जळत वगैरे नाही, पण छोटा पंखा जोरात फिरून असा बारीक सूर काढायचा की एका संध्याकाळी बाबा तानपुरा लावता लावता थांबले आणि म्हणाले, "सूनबाई, हे तुझं यंत्र निषादाच्या जरा खाली लागलंय, मुलींना गोंधळ होतोय." त्याच आठवड्यात बदलला.

आता थर्मलराइटचा एएक्सपी१२०-एक्स६७ आहे, उंची नावातच आहे, ६७ मिलिमीटर, वर १२० चा पातळ पंखा. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि त्याचा आवाज भरड असतो, सुरात येत नाही, बाबांची त्यानंतर तक्रार नाही. बसवायला मात्र वेळ लागला, कारण तो रॅमच्या वर येतो, उंच कंगोऱ्याची रॅम असेल तर विसरा, साधी बुटकी रॅमच घ्या. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते, तिथून तो केसमधलीच गरम हवा परत ओढतो. मी दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी पंख्याभोवती चौकोनात चिकटवली, तेवढ्याने चार अंश कमी झाले. अकरा महिन्यांतला सगळ्यात स्वस्त सुधार हाच.

एक गोष्ट मला आकडे लिहून ठेवल्यावर कळली, कूलर तापमान ठरवत नाही, तो खोलीपेक्षा किती वर ते ठरवतो. फेब्रुवारीच्या शेवटी जुन्या रेंडरच्या फाइलवर खोली २३, प्रोसेसर ९३, हा छोटा कूलर. नव्या कूलरवर मेमध्ये खोली ३६ आणि प्रोसेसर ८८, म्हणजे ५२ वर. डिसेंबरात खोली १५ आणि प्रोसेसर ६७, पुन्हा ५२ च. इंटरनेटवरच्या चाचण्या बहुतेक एसीच्या खोलीतल्या असतात, त्यातला आकडा बघून खुश होऊ नका, त्यातून त्यांची खोली वजा करा आणि आपला मे मिळवा.

मग मी बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची मर्यादा ८८ ची ६५ वॉट केली. मेच्या त्याच खोलीत ८८ चे ७५ अंश झाले आणि जो सीन ४० मिनिटांत व्हायचा तो ४४ मिनिटांत. चार मिनिटं! डिसेंबरातली ती मोजणी सोडली तर मी त्यानंतर परत वाढवलंच नाही, थंडीतसुद्धा. नवीन कूलर घ्यायच्या आधी हे फुकटातलं करून बघा.

पाण्याचा कूलर आणि पीसी यांचं मात्र जमवून घ्यावं लागतं. कूलर चालू असला की खोली ३१-३२ वर राहते, ते चांगलंच, दमट हवेने पीसीला काही होत नाही कारण पीसी हवेपेक्षा गरमच असतो. पण कूलरचा झोत थेट फडताळावर येत होता आणि आठवड्यात जाळीवर खारट पाण्याचे पांढरे ठिपके दिसले. आता कूलरच्या पट्ट्या छताकडे वळवल्यात. फडताळाची मागची भिंत आणि केस यांच्यात एक वीत जागा ठेवलीये, आधी चिकटून होती तेव्हा वरची हवा तिथेच घुटमळायची.

धूळ. एप्रिल ते जून आंधी आली की खिडक्या बंद केल्या तरी फरशीवर थर बसतो, मग जाळीचं काय सांगावं. तेव्हा दर तीन आठवड्यांनी ब्रशने साफ करायचे, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. पाऊस सुरू झाल्यावर दोन महिन्यांतून एकदा पुरतं. सप्लायला बाहेरूनच फुंकायचं, उघडायचा अजिबात नाही, आतला मोठा कपॅसिटर बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट धरून असू शकतो.

लिक्विड कूलर या केसमध्ये बसत नाही, म्हणून त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

राहिलेली कामं: फोमची पट्टी उन्हाने नाही पण उष्णतेने कडक झालीये, ती मार्चच्या आधी बदलायची. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट तेव्हाच नवी लावीन. आणि नौतप्याच्या आधी अर्थिंग परत मीटरने बघायचंय, कारण बाहेरची माती कोरडी पडली की अर्थ कमकुवत होतो असं इलेक्ट्रिशियन सांगून गेलाय, अंगणातल्या त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. ते काम बाबांनी तुळशीला पाणी घालताना स्वतःकडे घेतलंय.