चवथीला माटोळी बांधणारा भाडेकरू

२८ डिसेंबर २०२४, शनिवार. जेवून भांडी आवरत होते, तेवढ्यात मांद्र्याहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. "अगो, तुझ्या घरासमोर टेम्पो येऊन उभा आहे. वर कपाट, गाद्या, गॅसची शेगडी. एक बाई रडते आहे. तू लगेच निघ."

मी गोव्यात पेडण्याला राहते. मांद्र्यातलं घर माझ्या यजमानांनी निवृत्तीच्या पैशांतून दुरुस्त करून घेतलं होतं. तीन खोल्या, कौलारू छप्पर, दर्शनी खिडकीला जुनी शिंपल्यांची तावदानं. ते गेल्यावर त्या घराचं भाडं हाच माझा मुख्य आधार. स्कूटरवरून पोचायला अर्धा तास लागला.

गेटाबाहेर कोल्हापूरहून आलेलं कुटुंब होतं. नवरा, बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. नवऱ्याला मोपाच्या विमानतळावर काम लागलं होतं आणि १ जानेवारीपासून तो रुजू होणार होता. गेटाच्या आत, अंगणात हैद्राबादचे सहाजण. त्यांनी नववर्षापर्यंतच्या पाच रात्रींचे पैसे भरलेले. दोघांनाही घर एकाच माणसाने दिलं होतं आणि त्याचा फोन सकाळपासून बंद होता.

कोल्हापूरच्या त्या गृहस्थांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर माझ्याच घराचं लाईट बिल. माझं नाव, घर नंबर, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. "या तुम्हीच ना? तुमच्या पुतण्याला आम्ही नव्वद हजार दिलेत."

मला पुतण्या नाही.

हा माणूस माझ्याकडे भाडेकरू म्हणून जून २०२४ मध्ये आला. पावसाळ्यात किनारपट्टीला घरं रिकामी असतात, भाडेकरू मिळाला की घरमालकाला बरं वाटतं. वय पस्तिशीचं, स्वच्छ मराठी बोलणारा, पहिल्या भेटीतच वाकून नमस्कार करणारा. बायको नंतर येईल, मी घरूनच कंपनीचं काम करतो, म्हणाला. भाडं २२,००० ठरलं, डिपॉझिट दोन महिन्यांचं, ४४,०००. त्याने ते घासाघीस न करता त्याच दिवशी पाठवलं. तेव्हा मला तो सरळपणा वाटला होता.

७ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. आदल्या दिवशी तो पेडण्याला आमच्या घरी आला आणि माझ्या दिरांबरोबर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधायला उभा राहिला. कांगलां, माट्टुलां, नारळांचा घड, सुपारीचा घोस, एकेक वस्तू हातात देत होता. "काकी, आमच्याकडे अशी नसते हो," म्हणत फोटो काढत होता. आम्ही त्याला पातोळ्या बांधून दिल्या. हे मुद्दाम सांगते आहे, कारण त्यानंतर मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. परभाषिक किंवा परदेशी भाडेकरू असता तर मी पोलीस पडताळणीचा फॉर्म भरून घेतला असता, आधार तपासलं असतं. हा आपल्यातला वाटला, म्हणून आधारची झेरॉक्स घेऊन फाइलला लावली आणि फॉर्म भरायचा राहून गेला. पुढे पोलिसांनी पाहिलं तेव्हा तो आधार नंबर दुसऱ्याच कोणाचा निघाला. झेरॉक्सवरचा क्यूआर कोड काळा पडला होता. मूळ कार्ड मागून तो कोड आधारच्या अॅपमध्ये स्कॅन केला असता तर नाव आणि फोटो तिथल्या तिथे कळला असता. दोन मिनिटांचं काम होतं.

आम्हा गोव्यातल्या लहान घरमालकांच्या मनात एकच भीती घर करून बसलेली असते. भाडेकरू घर सोडणार नाही. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, यांचे वाद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, १९७५ चा मुंडकार कायदा, १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा, त्यावरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललेले दावे. म्हणून आम्ही अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करतो, नोटरीकडे जातो, पोटभाडेकरू ठेवू नये असं कलम घालून घेतो आणि निश्चिंत होतो. माझ्याही करारात ते कलम होतं. पण ते पाळलं जातं का, हे पाहायला मी सहा महिन्यांत दोनदाच गेले, तेही सांगून. या माणसाला माझं घर बळकावायचंच नव्हतं. त्याला हवे होते माझ्या नावाचे कागद.

ते त्याने एकेक करून मागून घेतले. जुलैमध्ये कंपनीत घरभाडे भत्त्यासाठी पॅन मागितलं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असलं की घरमालकाचं पॅन द्यावं लागतं हे खरंच आहे, म्हणून मी दिलं. मग गॅस कनेक्शनसाठी लाईट बिल. मग बँकेत पत्ता बदलायला घरपट्टीची पावती. शेवटी "या घरात राहण्यास व वापरण्यास माझी हरकत नाही" असं माझ्या सहीचं पत्र. सगळं व्हॉट्सअॅपवर, फोटो काढून, दोन ओळींच्या आशीर्वादासकट पाठवलं. प्रत्येक मागणी वेगवेगळी पाहिली तर योग्यच होती. एकत्र केली तर घर कोणाचं हे सिद्ध करणारी अख्खी फाइल त्याच्या हातात गेली. पुण्या-कोल्हापुरात बसून भाड्याचं घर शोधणाऱ्या माणसाला याहून जास्त काय दाखवायचं? लाईट बिल, घरपट्टी, मालकिणीची सही, आणि चवथीत आमच्या घरात काढलेले फोटो. त्यांतल्या एकात मी त्याच्या शेजारी उभी आहे. "ही माझी काकी" म्हणून त्याने तो फोटो तीन कुटुंबांना पाठवला होता.

हो, तीन. कोल्हापूरचं कुटुंब पहिलं पोचलं. दुसऱ्या दोघांचे फोन पुढच्या आठवड्यात आले.

ऑक्टोबरपासून तो घर रात्रीच्या भावाने पर्यटकांना देत होता. सीझनला रात्रीचे ६,५००, नाताळानंतर ११,०००. नाताळानंतरच्या भावाने माझं महिन्याचं भाडं त्याला दोन रात्रींत सुटत होतं. खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. नोव्हेंबरमध्ये एकदा त्या रस्त्याने जाताना मी दोरीवर वाळत घातलेले टॉवेल पाहिले होते. बारा-चौदा टॉवेल, सगळे पांढरे, एकाच मापाचे. शेजारी तशाच पांढऱ्या चादरी. दोन माणसांच्या संसारात असे टॉवेल कुठे असतात? तेव्हा मनात आलं, किती नीटनेटका मुलगा आहे. गेटाच्या खांबावर नंबर फिरवून उघडायची एक छोटी लोखंडी पेटी बसवली होती, पाहुण्यांनी त्यातून किल्ली काढून घ्यायची. मला ती दुधाच्या पिशवीसाठी वाटली. पंचायतीचा कचरा नेणाऱ्या बाईला मात्र सगळं ठाऊक होतं. "दर तिसऱ्या दिवशी नवी माणसं आणि बाटल्यांची पोती," ती म्हणाली. मी तिला आधी कधी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी काय केलं ते सांगते. हैद्राबादच्या लोकांना बाहेर काढावं, लाईट तोडावी असं जमलेले काही जण म्हणत होते. मी वकिलांना फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, कोणाचं सामान बाहेर फेकायचं नाही, लाईट-पाणी बंद करायचं नाही. कायदेशीर मार्गाने न जाता ताबा काढून घेतला तर समोरचा सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि मग आपणच आरोपी दिसतो. पाहुणे दुसऱ्या दिवशी आपणहून हॉटेलात गेले. कोल्हापूरच्या कुटुंबाला मी माझ्या पेडण्याच्या घरी वरची खोली दिली. ते नऊ दिवस राहिले. पहिल्या दोन रात्री त्या बाईने माझ्याशी एक शब्दही काढला नाही आणि मला तिचा राग आला नाही. तिच्या लेखी मी त्या माणसाची काकी होते.

पोलिसांनीही पहिला तासभर मलाच प्रश्न विचारले. सही कोणाची? पत्र कोणी दिलं? पडताळणीचा फॉर्म का नाही? नोव्हेंबरात दोन परदेशी पाहुणे राहून गेले होते, त्यांची माहिती कळवायचा सी फॉर्म २४ तासांत कोणी भरला? यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. करार, बँकेचे व्यवहार आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं दाखवल्यावर चित्र पालटलं आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली फसवणुकीची तक्रार नोंदली गेली. कोल्हापूरच्या गृहस्थांनी पैसे २० तारखेला यूपीआयने पाठवले होते, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला २८ ला. तोवर ते खातं रिकामं झालं होतं. खातंही तिसऱ्याच माणसाच्या नावावर. फसवलं गेल्याचा संशय आल्याबरोबर, त्याच तासाला १९३० लावा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तरच ते हाती लागण्याची आशा असते.

माझं म्हणाल तर डिसेंबरचं भाडं बुडालं आणि तीन महिन्यांचं लाईट बिल थकलेलं, २६,८०० रुपये. डिपॉझिट त्यातच संपलं, वर थोडे माझेच गेले. फेब्रुवारीत पर्यटन खात्याची नोटीस आली. गोव्यात पर्यटकांना घर द्यायचं तर १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी नसली की नोटीस घराच्या मालकाच्या नावे येते. तक्रारीची प्रत जोडून उत्तर दिलं. कुलूप बदललं तेही पंचांसमोर, पंचनामा करून, त्याच्या करारातल्या पत्त्यावर आणि फोनवर लेखी कळवून.

आता कोणीही लाईट बिल मागितलं तरी मी कोरं देत नाही. प्रतीवर आडवं पेनाने लिहिते, कोणाला दिलं, कशासाठी दिलं, तारीख, आणि "घर भाड्याने देण्यासाठी वापरू नये". अक्षरं माझ्या नावावरून आणि घर नंबरावरून गेली पाहिजेत, नाहीतर कोपरा कापून टाकतात. ना हरकत पत्रात एकच काम लिहिते, "वापरण्यास" हा शब्द घालत नाही. दर महिन्याला बिलातले युनिट पाहते. आणि पंधरवड्यातून एकदा पर्यटकांच्या बुकिंगच्या अॅपवर नकाशा मोठा करून आमच्या वाड्यातली घरं बघते. एवढं ऑक्टोबरात केलं असतं तर माझीच खिडकी मला दिसली असती.

ती पुन्हा दिसली, एप्रिलमध्ये. फेसबुकवरच्या एका जाहिरातीत शिंपल्यांच्या तावदानांची तीच खिडकी, समोर माझी तुळस. "मांद्रे, तीन खोल्या, भाडं २८,०००, टोकन यूपीआयने". मालकिणीचं नाव माझं, फोन नंबर दुसराच. मी ती जाहिरात पोलिसांकडे दिली, खाली लिहूनही आले, दोन दिवसांनी ती निघाली. तुमच्या ओळखीत कोणी मांद्र्यात घर शोधत असेल आणि त्याला असा फोटो आला असेल तर त्याला आजच सांगा, ते घर भाड्याने द्यायचं नाही. ते बंद आहे, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आहेत.