सांगलीच्या गटासाठी लिबरऑफिस की आयडी एडिटर?
सांगलीतील आमच्या प्रोग्रामर-गटापुढे हातभार लावण्यासाठी सध्या दोन मुक्तस्रोत प्रकल्प (ज्यांचा कोड कोणालाही पाहता-सुधारता येतो) आहेत. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळ्या झालेल्या लिबरऑफिसचा (दस्तऐवज, तक्ते वगैरे करण्याचे सॉफ्टवेअर) गाभा सी++ या प्रोग्रामिंग भाषेत असून, नवख्यांसाठी ‘ईझी हॅक्स’ची, म्हणजे सोप्या कामांची, वेगळी यादी असली, तरी साध्या लॅपटॉपवर पहिले बिल्ड (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणे) पुरे व्हायला कित्येक तास लागतात (तोवर वीज टिकली पाहिजे, हे वेगळेच). ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशाचा आयडी एडिटर (नकाशात भर घालण्याचे साधन) मात्र जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, तो ब्राउझरमध्येच चालतो, आणि गणपती पेठेतील एखादी गल्ली नकाशावर भरताना तिचे मराठी नाव वेगळ्या रकान्यात नोंदवायला कुठे अडते, हे प्रत्यक्ष वापरातूनच कळते. रविवारी दोन-तीन तासच एकत्र बसणाऱ्यांनी आयडीच घ्यावा, असे माझे मत आहे. ज्यांना सी++ पक्के करायचे आहे, त्यांनी लिबरऑफिसचे बिल्ड शनिवारी रात्रीच लावून ठेवावे.