गोव्यात म्हापशातल्या गाडेवाल्याची किंवा दुकानदाराची चूक दिसली तर त्याच्याशी आधी बोलायचं की थेट तक्रार ठोकायची?

हा प्रश्न पडलाच असेल तर आधी एकच बघा, आपण सांगितल्यावर समोरचा सुधारेल की नुसता सावध होईल.

सुधारणारा असेल तर बोलणंच बरं, काम तिथल्या तिथे होतं. पोसऱ्यावर, म्हणजे छोट्या दुकानात, थंड बाटलीला एमआरपीच्या वर पाच रुपये 'कूलिंग'चे लावले तर छापलेल्या आकड्यावर बोट ठेवायचं, "पात्रांव (म्हणजे शेठ), ह्यावर आहेत तेवढेच घ्या ना". बरेचदा तेवढ्यावर भागतं, नाही भागलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच. काट्यावरचा शिक्का जुना झालाय, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यायचा असतो आणि माणूस विसरतो, हेही बोलण्यातलंच. फक्त गिऱ्हाईकांसमोर नको. दुपारी शटर अर्धं खाली ओढतात ना, तेव्हा गाठायचं, चारचौघांत बोललात की तो चूक ऐकायच्या आधी इज्जत वाचवायला लागतो.

कायद्यालाही असली घाई नाही बरं का. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ च्या कलम ३२ मध्ये सुधारणा नोटीस, म्हणजे चूक दुरुस्त करायला सांगणारी नोटीस, आहे आणि तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. सरकार एवढं थांबतं तर आपण दोन वाक्यं बोलायला काय हरकत?

पण वजनात मुद्दाम मारतोय, एक्सपायरीची तारीख खोडून नवीन चिकटवलीय, तेच काळं तेल आणि भडक लाल रंग रोज चाललाय, अशा ठिकाणी बोललात तर पुरावा तेवढा गायब होणार. अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो, एक तपासणीला जातो, म्हणजे माल गाड्यावर असतानाच तो पोचायला हवा, तुम्ही आदल्या संध्याकाळी गाडेवाल्याला सांगून ठेवलंत तर अधिकारी काय कपाळ उचलणार? इथे सरळ अन्न व औषध प्रशासन, वजनाचं असेल तर वजनमाप खातं. बिल, फोटो, बॅच नंबर, शक्यतो न फोडलेलं पाकीट जपून ठेवा. शुक्रवारच्या बाजारातल्या फिरत्या विक्रेत्याचंही तेच, पुढच्या शुक्रवारी तो त्याच जागी भेटेल कशावरून.

तक्रारीचा तोटा म्हणजे ती कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही. २०२४ मध्ये म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनवरच बंदी घातली, कारण सिंथेटिक रंग आणि अस्वच्छता, त्यात नीट करणारेही भरडले जाणारच. तरी खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न असेल तर माझं मत तक्रारीकडे.

आणि तुम्ही त्याच दुकानात कामाला असाल किंवा मालक तुमचा घरमालकही असेल तर बोलायच्या भानगडीत पडू नका, तुम्ही आधी बोललात की मागाहून आलेली निनावी तक्रारसुद्धा तुमच्याच नावावर जमा होणार.